कोलेस्टेरॉल नॉर्मल आणि प्रोटीन जास्त : तेविसाव्या वर्षीचा रिपोर्ट कसा वाचायचा

प्रश्न विचारणाऱ्या मुलीचं वय २३. मूळ गाव बीड जिल्ह्यात, सध्या छत्रपती संभाजीनगरला खोली करून स्पर्धा परीक्षेची तयारी चालू आहे. उंची १५५ सेंटिमीटर, वजन ५७ किलो. मे महिन्यात एका शिबिरात रक्त तपासलं, त्याचे आकडे असे: एकूण कोलेस्टेरॉल १६८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १७०, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ३६, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) ९८, उपाशीपोटी साखर ९४, हिमोग्लोबिन १०.२. एकूण प्रोटीन ८.६, त्यात अल्ब्युमिन ४.६ आणि ग्लोब्युलिन ४.०. शिबिरातल्या माणसानं सांगितलं, कोलेस्टेरॉल छान आहे. मावशी म्हणतात, प्रोटीन वाढलंय तर डाळ आणि अंडी बंद कर. मुलीचा प्रश्न एवढाच, की डाळ बंद करू का, आणि एचडीएल वाढवायची काही गोळी असते का. शेवटी जाता जाता लिहिलंय, ‘पाळी दोन-अडीच महिन्यांनी येते, पण ती आधीपासूनच तशी आहे.’

मी मराठवाड्यात फिजिशियन म्हणून प्रॅक्टिस करते, आणि असे रिपोर्ट हातात घेऊन येणाऱ्या मुली आता रोजच्या झाल्या आहेत. आधी थेट उत्तर देते. डाळ बंद करू नका, अंडीही नकोत बंद करायला. एचडीएलची उपयोगाची गोळी नाही. आणि तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ती शेवटचीच आहे.

आता कारणं सांगते. सुरुवात प्रोटीनपासून करू, कारण मावशींचा धाक तिथे आहे.

रक्तातलं प्रोटीन म्हणजे ताटातलं प्रोटीन नव्हे. खाल्लेली डाळ आतड्यात फुटून तिचे अमिनो आम्लांचे बारीक तुकडे होतात, आणि त्यातून शरीर त्याला हवी ती प्रथिनं स्वतः बनवतं. अल्ब्युमिन यकृत बनवतं. ग्लोब्युलिनमधला मोठा भाग रोगप्रतिकारक पेशींनी बनवलेल्या अँटिबॉडीजचा असतो. दोन वाट्या वरण जास्त खाल्लं म्हणून हा आकडा चढत नाही, आणि चार दिवस कमी खाल्लं म्हणून उतरतही नाही. अल्ब्युमिनचा एक रेणू रक्तात साधारण तीन आठवडे टिकतो, त्यामुळे कालच्या जेवणाची नोंद तो घेतच नाही. उलटही तितकंच खरं. ‘मॅडम, अंगात कमजोरी हाय, प्रोटीन पावडर लिहून द्या’ म्हणणाऱ्या कित्येक जणींचं अल्ब्युमिन ठणठणीत असतं आणि खाण्यात मात्र प्रोटीन खरोखर कमी असतं. खाण्यातलं प्रोटीन पुरतंय की नाही हे ताट बघून ठरवायचं असतं, हा रिपोर्ट ते सांगत नाही.

मग ८.६ कशानं आलं? माझा पहिला संशय पाण्यावर आहे. मे महिना, आपल्याकडचं ऊन, आणि ‘उपाशीपोटी या’ असं सांगितलं की निम्म्या मुली रात्रीपासून पाण्याचा घोटही घेत नाहीत. वर शिबिराच्या रांगेत तास-दीड तास उभं राहणं. रक्तातलं पाणी कमी झालं की सगळी प्रथिनं दाट होतात, आटलेली आमटी खारट लागते तसं. नुसतं बराच वेळ उभं राहिल्यानं किंवा दंडाला पट्टा जास्त वेळ आवळून ठेवल्यानंही प्रोटीन आणि कोलेस्टेरॉल दोन्ही थोडे वर जातात. तुमचं अल्ब्युमिनही वरच्या टोकाला आहे, आणि पाणी कमी पडण्याखेरीज अल्ब्युमिन वाढायला दुसरं विशेष कारण नसतं. उपाशीपोटी म्हणजे अन्न, चहा, दूध नको. साधं पाणी चालतं, प्यायलाच हवं.

ग्लोब्युलिन ४.० मात्र मी नुसतं पाण्यावर सोडून देणार नाही. बहुतेक लॅबमध्ये त्याची वरची मर्यादा ३.५ च्या आसपास असते. एकदा आलेला एवढासा वाढीव आकडा घाबरण्यासारखा नाही, पण पोटभर पाणी पिऊन, सावलीत बसून दिलेल्या दुसऱ्या नमुन्यातही तो तसाच राहिला, तर शोध घ्यावा लागतो. शरीर कुठेतरी सतत कशाशी तरी झुंजत असलं की अँटिबॉडीज वाढतात. आपल्या भागात त्यात पहिलं नाव क्षयरोगाचं घ्यावं लागतं: संध्याकाळचा बारीक ताप, उतरणारं वजन, दोन आठवड्यांहून जास्त खोकला, मानेत गाठ. मुलींमध्ये पुढचा विचार सांधे सुजणं, केस पुंजक्यानं गळणं, गालावर लाल चट्टे यांचा, म्हणजे ल्युपससारख्या, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणाऱ्या आजारांचा. जुनाट कावीळ, यकृताची सूज हेही त्याच यादीत येतं. यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणून सध्या एवढंच, की पुन्हा तपासा.

प्रोटीन आणि कोलेस्टेरॉल ही जोडी एकत्र वाचायची सवय मला ज्या आजारानं लावली तो इथे सांगितलाच पाहिजे. अधूनमधून अशी मुलगी येते जिचं कोलेस्टेरॉल ३०० च्या वर गेलेलं असतं आणि घरच्यांनी तूप, शेंगदाणे, तेल सगळं तोडलेलं असतं. चेहरा बघितला तर सकाळी डोळ्यांखाली सूज, पैंजण रुतल्याची खूण पायावर, आणि विचारलं तर लघवीला फेस येतो. अल्ब्युमिन बघावं तर २ च्या आसपास. हा मूत्रपिंडाचा आजार असतो. अल्ब्युमिन लघवीवाटे गळतं, ते भरून काढायला यकृत जोर लावतं आणि त्या जोरात कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कणही भरमसाट बनवतं. तिथे तूप तोडून काही होत नाही, गळती थांबली की कोलेस्टेरॉल खाली येतं. एकटा कोलेस्टेरॉलचा आकडा बघून पथ्य सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, तो यासाठी.

तुमच्या बाबतीत हे नाही. तुमच्या रिपोर्टात बघण्यासारखी जोडी वेगळी आहे: ट्रायग्लिसराइड १७० आणि एचडीएल ३६.

एकूण कोलेस्टेरॉल १६८ ‘छान’ दिसतं, कारण त्यात एचडीएल कमी पडलंय. एलडीएल ९८ हा आकडाही बहुधा मोजलेला नसून काढलेला आहे. १६८ मधून ३६ वजा केले, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग म्हणजे ३४ वजा केले, उरले ९८. हे सूत्र १९७२ सालचं आहे आणि बहुतेक लॅब अजून तेच वापरतात. चुकीचं नाही ते, पण एलडीएलमध्ये कोलेस्टेरॉल किती आहे एवढंच सांगतं, कण किती आहेत ते सांगत नाही. ट्रायग्लिसराइड वाढलेलं असतं तेव्हा एलडीएलचे कण छोटे आणि संख्येनं जास्त असू शकतात. ते मोजायचे तर अपो-बी नावाचं प्रोटीन तपासतात, कारण धमनीत घुसणाऱ्या प्रत्येक कणावर त्याचा नेमका एक रेणू असतो. खर्च परवडत नसेल तर सोपा हिशोब करा: एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल. तुमचं १३२ येतं. १३० च्या आत असावं असं आपण धरतो. म्हणजे जे ‘छान’ होतं ते बॉर्डरवर आलं.

हे दोन आकडे एकदम का बिघडतात? पोटात आणि यकृतात चरबी साठायला लागली की यकृत इन्सुलिनला नीट दाद देत नाही. ते ट्रायग्लिसराइडनं भरलेले कण जास्त बनवून रक्तात सोडतं. हे कण वाटेत एचडीएलशी देवाणघेवाण करतात, आपलं ट्रायग्लिसराइड त्याला देतात आणि त्याचं कोलेस्टेरॉल घेतात. असा भरलेला एचडीएल मग आकसतो आणि रक्तातून लवकर काढून टाकला जातो. म्हणून एक वर, एक खाली. साखर बिघडायच्या कितीतरी वर्षं आधी ही जोडी बिघडते. तुमची उपाशीपोटी साखर ९४ आहे याचा मला आनंद आहे, पण त्यावर मी निर्धास्त होणार नाही.

२००९ साली जगभरच्या संघटनांनी मेटाबॉलिक सिंड्रोमची (चयापचयाचे बिघाड एकत्र येण्याची) जी एकत्रित व्याख्या ठरवली, तिच्यात पाच गोष्टी आहेत आणि त्यातल्या तीन भरल्या तर निदान होतं. ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त: तुमचं भरलं. बाईचं एचडीएल ५० च्या खाली: भरलं. (बऱ्याच लॅब ४० ही पुरुषांची मर्यादाच सगळ्यांना छापतात, त्यामुळे ४४ एचडीएल असलेल्या मुलीला सगळं ठीक वाटतं.) उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त: नाही. रक्तदाब १३०/८५ किंवा जास्त: तुम्ही लिहिलेला नाही. कंबर, आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर किंवा जास्त: तीही लिहिलेली नाही. म्हणजे शिंप्याच्या साध्या टेपवर तुमचं निदान अडलंय. कंबर मोजताना सलवारीची नाडी जिथे बांधतो तिथे मोजू नका, ते खूप खाली होतं. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, कपडा बाजूला करून, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. हो, सगळ्याच आत ओढतात.

‘पण मी जाड नाहीये’ हे उत्तर मला ठाऊक आहे. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २३.७ येतो. जागतिक कोष्टकात तो नॉर्मल, पण भारतीयांसाठी २३ पासूनच जास्त वजन धरतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि इंग्लंडमधल्या सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के आणि त्या इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार, ही आपली ठेवण आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मोठ्या पाहणीच्या २०१४ साली आलेल्या अहवालात, ज्यात महाराष्ट्रही होता, सगळ्यात जास्त आढळलेला बिघाड कमी एचडीएल हाच होता, सुमारे ७२ टक्के लोकांत. त्यामुळे एकट्या कमी एचडीएलवरून मी कुणाला घाबरवत नाही. ट्रायग्लिसराइड सोबतीला आलं की मात्र कान टवकारते.

आता ती शेवटची ओळ. पाळी ३५ दिवसांपेक्षा जास्त अंतरानं किंवा वर्षात आठपेक्षा कमी वेळा येत असेल, तर ती अनियमितच, मग ती ‘आधीपासून’ तशी असो. हनुवटीवर राठ केस, न हटणारे मुरूम हे आहे का, ते तुम्ही लिहिलं नाही. मानेचा मागचा भाग बघा, नाहीतर मैत्रिणीला बघायला सांगा. तिथे मखमलीसारखा जाडसर काळेपणा असला तर तो मळ नसतो. आमच्याकडे आया मुलींच्या माना घासून घासून लाल करून आणतात. रक्तात इन्सुलिन सतत वाढलेलं असल्याची ती खूण असते. तेच वाढलेलं इन्सुलिन अंडाशयाला जास्त पुरुषी संप्रेरक बनवायला लावतं आणि त्याच वेळी यकृताला एक प्रोटीन कमी बनवायला लावतं. एसएचबीजी म्हणतात त्याला. टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणं त्याचं काम. ते कमी पडलं की मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं आणि पाळी, केस, मुरूम असा सगळा गोंधळ दिसतो. तरुण मुलीत चयापचयाची खबर देणारं रक्तातलं खरं प्रोटीन कोणतं म्हणाल तर मी एकूण प्रोटीनपेक्षा एसएचबीजीचं नाव घेईन. थोडक्यात, तुमचं लिपिड आणि तुमची पाळी या दोन तक्रारी नसून एकाच गोष्टीची दोन टोकं असण्याची शक्यता मोठी आहे. पीसीओएस, म्हणजे अंडाशयाचा संप्रेरकांचा बिघाड, आहे असं इथे बसून मी म्हणणार नाही. त्यासाठी थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) यांची कारणं आधी वगळावी लागतात. थायरॉइड मंद असेल तर तो एकटाच पाळीही बिघडवतो आणि कोलेस्टेरॉलही.

मग काय तपासायचं? पॅकेज घेऊ नका. सत्तर-ऐंशी तपासण्यांच्या पॅकेजमध्ये हव्या त्या दोन नसतात आणि नको त्या चाळीस असतात. मी सांगेन त्या अशा: लिपिड पुन्हा, पण ताप, डेंगी, टायफॉइड असं काही होऊन गेलं असेल तर महिनाभर थांबून, कारण आजारपणात एलडीएल, एचडीएल आणि अल्ब्युमिन तिन्ही खाली येतात आणि ट्रायग्लिसराइड चढतं. सोबत टीएसएच (थायरॉइडसाठी), प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन, एसजीपीटी (यकृतासाठी), प्रोटीन-अल्ब्युमिन, लघवीची साधी तपासणी. साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी होते ती तपासणी करा, तीन महिन्यांच्या सरासरीच्या एचबीए१सी वर विसंबू नका. तुमचं हिमोग्लोबिन १०.२ आहे, आणि लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी खोटं वाढलेलं दिसू शकतं. लोहासाठी फेरिटिन करा, ते शरीरातला लोहाचा साठा दाखवतं. तेही एक प्रोटीनच, आणि अंगात सूज किंवा यकृतात चरबी असेल तर ते फुगतं, त्यामुळे ‘नॉर्मल’ फेरिटिन म्हणजे लोह पुरेसं असं दर वेळी नसतं. एचएस-सीआरपी (अंगातली सूज मोजणारी तपासणी) मी मागवत नाही. हॉस्टेलवर कुणाला ना कुणाला सर्दी, दाढदुखी असतेच आणि त्यानंच ते वाढतं. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत हार्ट अटॅक आला असेल, तर लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच एक कण) मात्र आयुष्यात एकदा जरूर करा. ते जवळजवळ पूर्ण वारशानं येतं, पथ्यानं हलत नाही. खाजगीत जमत नसेल तर घाटीत, म्हणजे सरकारी रुग्णालयात, ओपीडीला दाखवा. आधी मेडिसिन, मग तिथूनच स्त्रीरोग विभागात. वेळ जातो, पण यातलं बरंच काही तिथे होऊन जातं.

गोळ्यांबद्दल. एलडीएल ९८ ला, तेविसाव्या वर्षी, स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) लागत नाही. एलडीएल १९० च्या वर असतं तर गोष्ट वेगळी होती, ती अनेकदा घराण्यातून येते आणि तिथे औषध टाळून चालत नाही. एचडीएल वाढवणारं नियासिन दोन मोठ्या चाचण्यांत स्टॅटिनसोबत देऊन पाहिलं गेलं, २०११ आणि २०१४ साली त्यांचे निष्कर्ष आले. एचडीएलचा आकडा वाढला, हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. पाळीसाठी कुणी गर्भनिरोधक गोळ्या दिल्या तर त्या अनेकदा योग्यच असतात, पण ट्रायग्लिसराइड वाढलेलं आहे हे डॉक्टरांना आधी सांगा, कारण इस्ट्रोजेननं ते आणखी चढू शकतं. आणि तीन महिन्यांवर पाळी लांबली तर वाट बघत बसू नका, गर्भाशयाचं अस्तर साचत राहणं चांगलं नाही. ‘लग्न झालं की होतं सगळं नीट’ हे मी आजवर हजारदा ऐकलंय. लग्नानंतर होतं ते असं, की गरोदरपणात साखर निघते.

खाण्याकडे येते. ट्रायग्लिसराइड वाढायला तुपापेक्षा साखर आणि मैदा-भात-साबुदाणा जास्त जबाबदार असतात. अभ्यासिकेतल्या मुलींना मी पहिला प्रश्न चहाचा विचारते. दिवसाला पाच-सहा कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, सोबत टोस्ट किंवा खारी. दुसरा प्रश्न उपवासांचा, कारण सोमवार, गुरुवार आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी म्हणजे नुसता स्टार्च. मेसच्या डब्यात चार पोळ्या, भाताचा ढीग, बटाट्याची भाजी आणि तळ दिसेल असं वरण. यात प्रोटीन कुठाय? तुमच्या वजनाला दिवसाला साधारण ४७ ग्रॅम लागतं. दोन अंड्यांत १२ ग्रॅम, मूठभर कच्च्या तूरडाळीत सहा-सात, वाटीभर दह्यात चार-पाच. म्हणून मावशींना सांगा, डाळ वाढवायची आहे. मेसवाल्याला घट्ट वरण जमत नसेल तर खोलीवर भिजवलेले हरभरे, मटकीची उसळ, फुटाणे ठेवा. गावाकडून कारळाची, जवसाची चटणी येत असेल तर ती मैत्रिणींत वाटून संपवू नका.

ज्वारीची भाकरी पोळीपेक्षा आणि भातापेक्षा मला आवडते, पण ती ‘शुगर फ्री’ आहे असं समजून चार खाल्ल्या तर हिशोब तोच. दोन पुरे. लोहाचाही विचार असेल तर परभणीच्या कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या संशोधन संस्थेसोबत २०१८ साली काढलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण लोह आणि जस्त जास्त असलेला आहे. गावाकडे कुणी पेरत असेल तर दळण तिकडूनच मागवा. मात्र १०.२ हिमोग्लोबिन भाकरीनं भरून येत नाही, लोहाच्या गोळ्या लागतील. त्या चहासोबत घेऊ नका.

आणि बसणं. दहा-दहा तास खुर्चीवर. जिमचे पैसे नसतील तर जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला, दोन्ही वेळा, आणि आठवड्यातून तीन दिवस उठाबशा, भिंतीला टेकून जोर, पाण्यानं भरलेल्या बाटल्या उचलणं. रक्तातली साखर सगळ्यात जास्त ओढून घेतो तो स्नायू, आणि आपल्या मुलींकडे तोच कमी असतो. कंबर ८० च्या वर निघाली तर तीन किलो वजन कमी करण्याचं लक्ष्य ठेवा, पंधरा नको. तेवढ्यानंही बऱ्याच जणींची पाळी जवळ येते आणि ट्रायग्लिसराइड उतरतं. एचडीएल सावकाश हलतं, तीन महिन्यांनी ते ३६ चं ३९ झालं तरी नाराज होऊ नका. लिपिड त्याआधी पुन्हा पुन्हा करण्यात अर्थ नाही. ट्रायग्लिसराइड तर एकाच माणसाचं दोन दिवसांत बरंच वेगळं येतं.

तीन महिने थांबू नये अशी कारणं मोजकीच आहेत: सकाळी चेहरा सुजणं, लघवीला सतत फेस, प्रयत्न न करता वजन उतरणं, रोज संध्याकाळी ताप, किंवा आवाज घोगरा होऊन चेहऱ्यावर झपाट्यानं केस वाढणं. यातलं काही असेल तर हा रिपोर्ट आणि गेल्या वर्षभराच्या पाळीच्या तारखा घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.